गटाचा कॅमेरा आणि त्याची बॅग

 आम्ही मेडशीहून बोलतोय. तालुका मालेगाव, जिल्हा वाशिम. मालेगाव म्हटलं की लोकांना नाशिककडचं आठवतं, पण हे आमचं वाशिमचं मालेगाव. अकोल्याहून पातूरचा घाट चढून वाशिमकडे निघालं की रस्त्यावरच आमचं गाव लागतं.

मागच्या काही भागांत आपण शिलाई मशीन, डाळ मिल, मसाल्याची चक्की यांबद्दल बोललो. आज विषय थोडा वेगळा आहे. अलीकडे बऱ्याच गटांतल्या पोरी कॅमेऱ्याचं काम करू लागल्या आहेत. बारसं, डोहाळजेवण, हळद, लग्न, शाळेचं स्नेहसंमेलन, पोळ्याला सजवलेले बैल, घरच्या महालक्ष्म्या. शिवाय आपल्याच पापड-लोणच्याचे फोटो. मुंबईच्या महालक्ष्मी सरसला किंवा जिल्ह्याच्या प्रदर्शनाला माल न्यायचा तर पाकिटावर आणि फलकावर चांगला फोटो लागतोच. त्यासाठी गट अंतर्गत कर्ज काढून कॅमेरा घेतात. आणि मग तो कॅमेरा कपाटात बसतो.

कपाटात का बसतो? कारण तो सगळ्यांचा असतो. वस्तू सगळ्यांची असली की न्यायला सगळ्याच भितात. पडला तर? भिजला तर? एस.टी.त कुणी उचलला तर? घरूनही कुणीतरी म्हणतंच, ‘दुसऱ्याची एवढी महागाची वस्तू घेऊन कुठं फिरतेस?’ मग ज्या एकीला गाडी चालवता येते, तीच तेवढी कॅमेरा नेते. बाकीच्या शिकलेल्या असूनही घरी राहतात. कॅमेरा महिन्यातून दोनदा बाहेर पडतो, हप्ता मात्र दर महिन्याला येतो.

म्हणून आज आपण कॅमेऱ्याबद्दल नाही, त्याच्या बॅगेबद्दल बोलणार आहोत. आमच्या बैठकीत हा विषय निघाला तेव्हा एक मावशी म्हणाल्या, ‘बाई, कॅमेऱ्याले पैसे लागले ते ठीक, पिशवीले काहून एवढे?’ प्रश्न रास्त होता. त्याचं उत्तर आम्ही असं दिलं: मावशी, चांगली बॅग म्हणजे अशी बॅग, की जी गटातल्या कोणत्याही बाईला एकटीने, एस.टी.ने, निर्धास्त नेता येईल. ती नसेल तर कॅमेरा एकीचाच होऊन बसतो.

बाईमाणसाने कॅमेरा वागवणं ही काही आजची गोष्ट नाही. होमाई व्यारावाला यांचं नाव तुम्ही ऐकलं असेल. आपल्या देशातल्या त्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार. जन्म १९१३ चा, नवसारीचा. शिक्षण मुंबईच्या जे. जे. कला शाळेत. १९४२ साली त्या दिल्लीला गेल्या आणि १९७० पर्यंत त्यांनी फोटो काढले. तेव्हाचे कॅमेरे आजच्यापेक्षा कितीतरी अवजड. तरी साडी नेसून, सामान घेऊन त्या दिल्लीभर सायकलने फिरायच्या. २०११ साली त्यांना पद्मविभूषण मिळालं.

त्या शिकलेल्या, शहरातल्या होत्या असं कुणी म्हणेल. तर अहमदाबादचं बघा. १९८४ साली तिथल्या ‘सेवा’ संस्थेने व्हिडिओचं काम सुरू केलं. त्यात भाजी विकणाऱ्या, मजुरी करणाऱ्या बाया होत्या आणि कित्येकींना लिहितावाचताही येत नव्हतं. त्या शूटिंग शिकल्या. आणखी जवळचं सांगायचं तर तेलंगणातलं झहिराबाद. तिथल्या पस्तापूरच्या डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटीच्या गटांना ‘संघम’ म्हणतात. त्यातल्या शेतमजूर दलित बाया स्वतः फिल्म काढतात. २००८ पासून माचनूर गावी त्यांचा संघम रेडिओही आहे. समोरच्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर कॅमेरा धरून घेतलेल्या चित्राला त्या ‘संघम शॉट’ म्हणतात. वरून बघायचं नाही, खालून बघायचं नाही, बरोबरीने बघायचं. या बायांना कॅमेरा नेता आला, तर आपल्यालाही येईल.

आता कामाचं बोलू. बॅग घ्यायला दुकानात जाण्याआधी घरी बसून तीन प्रश्नांची उत्तरं काढा. काय न्यायचं? कशाने जायचं? आणि कोण नेणार?

पहिला प्रश्न, काय न्यायचं. सगळं सामान चटईवर मांडा आणि किराणा दुकानाच्या काट्यावर वजन करा. अंदाजाने सांगू नका. उदाहरण म्हणून कॅनन १५००डी हा नवशिक्यांचा कॅमेरा घेऊ. बॅटरी आणि कार्डासकट तो सुमारे ४७५ ग्रॅम भरतो. त्याच्यासोबत येणारी १८-५५ ची लहान लेन्स सुमारे २०० ग्रॅम. लांबचे फोटो काढायची ५५-२५० ची लेन्स पावणेचारशे-चारशे ग्रॅम. फ्लॅश आणि त्याचे सेल धरले तर साडेचारशेच्या आसपास. चार्जर आणि जादा बॅटरी दीडशे. हे झालं पावणेदोन किलोच्या आत. हलका ट्रायपॉड म्हणजे तिपाई सव्वा किलोची. रिकामी बॅगच एक-सव्वा किलोची. वर पाण्याची बाटली आणि डबा दीड किलोचा. बेरीज केली तर साडेपाच किलोच्या आसपास जाते.

आता हे वजन पेलायचं कुणी? केंद्र सरकारच्या २०२० च्या दप्तर धोरणात म्हटलंय की लेकराच्या वजनाच्या दहा टक्क्यांपेक्षा दप्तर जड नसावं. तो नियम शाळेच्या पोरांसाठी आहे, पण तासन् तास उभं राहून काम करणाऱ्या बाईलाही तेच माप लावावं असं आम्ही ठरवलं. पन्नास किलोची बाई असेल तर पाच किलो, पंचेचाळीसची असेल तर साडेचार. म्हणजे वरचं सगळं सामान एकीच्या पाठीवर देणं बरोबर नाही. एकतर तिपाई दुसरीने घ्यावी किंवा त्या दिवशी लागत नसेल ती लेन्स घरी ठेवावी. डोहाळजेवण घरातच असतं, तिथे लांबची लेन्स लागत नाही. शाळेच्या मैदानावर लागते. काम बघून सामान काढायचं. बॅगेत जागा आहे म्हणून भरायचं नाही.

दुसरा प्रश्न, कशाने जायचं. आपण जातो एस.टी.ने, नाहीतर घरच्या दुचाकीवर मागे बसून, नाहीतर पायी. १७ मार्च २०२३ पासून एस.टी.त महिलांना अर्धं तिकीट आहे. त्यामुळे मालेगाव, वाशिम, पातूर, अकोल्यापर्यंतची कामं परवडतात. पण गर्दीही तेवढीच असते. तेव्हा बॅग अशी हवी जी मांडीवर मावेल. वरच्या फळीवर ठेवायची वेळ येऊ नये, कारण गाडीने ब्रेक मारला की फळीवरचं सामान खाली येतं. सीटखाली ठेवलं तर धूळ आणि हादरे. मांडीवर बसत नाही इतकी मोठी बॅग आपल्या कामाची नाही, मग ती कितीही भारी असो.

तिसरा प्रश्न, कोण नेणार. गटात पाच फुटाची बाई आहे तशी सव्वापाच फुटाचीही आहे. एक साडी नेसते, एक पंजाबी ड्रेस घालते. पट्टा लांब-आखूड होणारा हवा, आणि तो आखूड केल्यावरही बॅग कमरेच्या वरच राहिली पाहिजे. कमरेखाली लोंबणारी बॅग चालताना मांडीवर आपटते आणि कॅमेऱ्यालाही धक्के बसतात.

ही उत्तरं मिळाली की मग बॅगेचे प्रकार बघा. बाजारात साधारण चार दिसतात.

एक, कॅमेऱ्यापुरती लहान बॅग. वरून उघडते, एक लेन्स लावलेला कॅमेरा तेवढा मावतो. हलकी आहे, गावातल्या गावात बारशाला जायला छान. पण फ्लॅश, चार्जर, पाणी कुठे ठेवणार? हातात दुसरी पिशवी येतेच.

दोन, एका खांद्यावरची बॅग. सामान पटकन निघतं. लग्नात अंतरपाट दूर होण्याच्या क्षणी लेन्स बदलायची असेल तर हिच्यासारखी सोय नाही. पण सगळा भार एकाच खांद्यावर येतो. दोन-अडीच किलोपर्यंत ठीक. त्यापुढे संध्याकाळी मान आणि खांदा बोलायला लागतात. आणि पट्टा सरळ एका खांद्यावर अडकवू नका, पदरावरून तिरपा घाला. म्हणजे घसरत नाही आणि कुणाला ओढताही येत नाही.

तीन, पाठीवरची बॅग. भार दोन्ही खांद्यांवर वाटला जातो, दोन्ही हात मोकळे राहतात. फाट्यावर उतरून दोन किलोमीटर चालत जायचं तर हीच बरी. अडचण एवढीच की सामान काढायला ती उतरवून खाली ठेवावी लागते. गर्दीत पाठीमागे काय चाललंय ते दिसत नाही, म्हणून एस.टी.त चढताना ती पोटाकडे घ्यायची.

चार, कडक पेटी. पाणी, धूळ, धक्का सगळ्यापासून वाचवते. पण रिकामीच जड असते, हातात धरून न्यावी लागते, आणि लांबूनच कळतं की आत महागाचं काहीतरी आहे. स्वतःची चारचाकी असेल त्यांनी घ्यावी.

आपल्यासारख्या गटाला एकच बॅग घ्यायची आहे आणि ती सगळ्या कामांना चालली पाहिजे. आमचं मत विचाराल तर पाठीवरची, मध्यम आकाराची, आणि आतला फोमचा कप्पा सबंध बाहेर निघणारी. तो कप्पा बाहेर काढला की तीच बॅग बैठकीची रजिस्टरं न्यायला, बाजाराला, दवाखान्याला चालते. आणि बारशाला जायचं असलं की तो कप्पा तसाच साध्या पिशवीत ठेवून नेता येतो. एका खर्चात दोन कामं.

दुकानात गेलात तर रिकाम्या हाताने जाऊ नका. आपलं सामान घेऊन जा आणि तिथेच भरून बघा. दुकानदार म्हणेल, ‘ताई, सगळं मावतं यात.’ आपण म्हणायचं, ‘दादा, भरून दाखवा.’ भरल्यावर ती पाठीवर घ्या, खाली वाका, खुर्चीवर बसा, मांडीवर ठेवा, पाच मिनिटं दुकानात फिरा. कुणी हसलं तर हसू द्या. साडी घेताना आपण दहा घड्या मोडतोच ना!

फोम बघायचा तो अंगठ्याने दाबून. दाबला की लगेच तळापर्यंत जात असेल तर तो सोफ्याच्या उशीचा फोम समजा. धक्का त्यातून थेट कॅमेऱ्याला लागतो. घट्ट, पण दाब काढताच वर येणारा फोम हवा. तळाचा फोम सगळ्यात जाड पाहिजे, कारण आपण बॅग ठेवतो ती तळावरच. आतले पडदे वेल्क्रोचे, म्हणजे चर्रकन निघणाऱ्या चिकटपट्टीचे असावेत. लेन्स बदलली की कप्पा लहानमोठा करता येतो. कॅमेरा आणि लेन्स कप्प्यात हलायला नको आणि कोंबायलाही लागायला नको.

चेन पाच-सहा वेळा कोपऱ्यावरून फिरवा. बॅग पहिल्यांदा नादुरुस्त होते ती चेनमध्ये, आणि तेही कोपऱ्यावर. पट्टा जिथे बॅगेला जोडलाय तिथली शिलाई बघा. चौकोन आणि मध्ये फुली अशी शिलाई असेल तर ती टिकते. नुसती सरळ एक ओळ असेल तर सहा महिन्यांत उसवेल. हे आपल्या शिलाईवाल्या बायांना सांगायला नको. बॅगेसोबत पावसाचं कव्हर आहे का ते विचारा. तिपाई बांधायला बाजूला पट्टे असावेत. काही बॅगांची मुख्य चेन पाठीला टेकणाऱ्या बाजूला असते. ती आम्हाला जास्त पटली. पाठीवर असताना कुणाला उघडता येत नाही, आणि मांडवात खाली ठेवली तर माती लागते ती बाहेरच्या बाजूला, आपल्या पाठीला नाही. रंग गडद, साधा. वर कंपनीचं मोठं नाव नको. बॅग कॅमेऱ्याची वाटलीच नाही तर उत्तम.

किती खर्च करावा? सामानाची किंमत शंभर रुपये धरली तर बॅगेला पाच ते दहा रुपये, असा हिशेब आम्ही धरला. आणि तो कॅमेऱ्याच्या कर्जातच धरायचा, नंतर नाही. नंतर म्हटलं की राहून जातं.

तेवढेही पैसे नसतील तर? आपल्या हातात मशीन आहे, तायांनो. लेकराचं जुनं पण मजबूत दप्तर घ्या. योगासनाची जाड चटई मिळते, साधारण आठ-दहा मिलिमीटरची, त्यातला फोम घट्ट असतो. तळाला तिचे दोन थर, बाजूंना एक. दप्तराच्या आत बसेल असा उघडा डबा शिवा. आतून मऊ, धागे न सुटणारं अस्तर लावा. रोंवे सुटणारं कापड नको, ते लेन्सवर बसतं. पडद्यांना वेल्क्रो. १५००डी सारखा कॅमेरा सुमारे १३ सेंटीमीटर रुंद आणि १० सेंटीमीटर उंच असतो, लहान लेन्स लावून खोली १५ च्या आसपास जाते. पण मापं आमची घेऊ नका, आपल्या कॅमेऱ्याला टेप लावा आणि सगळीकडून एक सेंटीमीटर जास्त धरा. वरून ताडपत्रीच्या कापडाचं टोपडं शिवलं की पावसाचं कव्हर झालं. एक सूचना आहे. खताच्या गोणीतलं प्लास्टिक यासाठी वापरू नका. खताचा अंश ओल धरतो आणि धातूला गंज आणतो.

आता वापराचं. उन्हाळ्यात, लग्नसराईत, बॅग बंद गाडीत किंवा उन्हात ठेवू नका. आपल्याकडचं मे महिन्याचं ऊन तुम्हाला ठाऊक आहे. दुचाकीवर बॅग हँडलला अडकवू नका आणि डिक्कीत टाकू नका. चालवणारी आणि मागे बसणारी यांच्या मध्ये किंवा पाठीवर घ्या. आपलं अंगच हादरे झेलतं. सोयाबीन-तूर काढायच्या दिवसांत मळणीयंत्राजवळ फोटो काढायचे असतील तर लेन्स तिथे बदलू नका. घरूनच लावून जा आणि काम झालं की लगेच चेन लावा. उघडी बॅग म्हणजे धुळीचं टोपलं.

सगळ्यात महत्त्वाचं पावसाळ्याचं. बॅग ही न्यायला-आणायला आहे, साठवायला नाही. भिजलेल्या हवेत फोम ओल धरून ठेवतो आणि बंद अंधाऱ्या बॅगेत लेन्सच्या काचेवर बुरशी चढते. लोणच्यावर चढते तशीच. ती एकदा काचेच्या आत गेली की घरी पुसून निघत नाही. म्हणून जून ते सप्टेंबर घरी आल्यावर कॅमेरा, लेन्स बाहेर काढा, कोरड्या सुती कापडाने पुसा आणि घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. सोबत सिलिका जेलच्या पुड्या. बुटांच्या खोक्यात दाण्यांची पुडी येते ना, तीच. रंगीत दाणे असतील तर रंग बदलला की पुडी बदला आणि लेकरांच्या हाती लागू देऊ नका. कोरडेपणासाठी तांदूळ नको, त्याचं पीठ आत जातं. डांबराच्या गोळ्याही नकोत. बॅग वेगळी, सगळ्या चेन उघड्या ठेवून, हवेशीर टांगून वाळवा. आणि आठ-पंधरा दिवस काम नसेल तरी कॅमेरा बाहेर काढून दोन-चार फोटो काढा. वापरातला कॅमेरा चांगला राहतो.

शेवटचं, आणि गट म्हणून सगळ्यात मोठं. बॅग घेतली म्हणून भीती जात नाही. भीती जाते ती नियमाने. आपल्या गटाची पंचसूत्री आहे: नियमित बैठक, बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड आणि लेखे. तशीच आम्ही बॅगेची पंचसूत्री केली.

पहिलं, बॅगेच्या झाकणाच्या आत सामानाची यादी शिवून टाकायची. जिला वाचता येत नाही तिच्यासाठी चित्रं. जाताना मोजायचं, निघताना मोजायचं, घरी आल्यावर मोजायचं. दुसरं, प्रत्येक वस्तूची जागा ठरलेली. दुसरीने अंधारात हात घातला तरी बॅटरी सापडली पाहिजे. तिसरं, बॅग देताघेताना रजिस्टरवर दोघींची सही किंवा अंगठा, आणि सामान कसं आहे त्याची एक ओळ. चौथं, दर कामातले पन्नास रुपये दुरुस्ती निधीत, आधी बाजूला, मग वाटणी. पाचवं, पाळी. शिकलेल्या प्रत्येकीने आपल्या पाळीला कॅमेरा न्यायचाच.

नुकसान झालं तर काय, यावर आमच्या बैठकीत बराच वाद झाला. काहींचं म्हणणं, जिच्या हातून झालं तिने भरावं. मग त्यांना विचारलं, असा नियम केला तर उद्या कॅमेरा न्यायला तयार कोण होईल? जिच्या घरी पैसा आहे तीच. गरिबाची पोर पुन्हा घरीच. शेवटी असं ठरलं की नियम पाळून काम करताना नुकसान झालं तर खर्च दुरुस्ती निधीतून, कमी पडला तर गटाचा. बॅगेविना नेला, यादी मोजली नाही, दुसऱ्याच्या ताब्यात दिला, तर तिचा. हे ठरावाच्या वहीत लिहून सगळ्यांनी सह्या केल्या. त्या दिवसापासून पाळी लावायला अडचण आली नाही. घरी विचारलं तर दाखवायला कागद आहे.

तेव्हा तायांनो, तुमच्या गटात कॅमेरा असेल, नाहीतर घ्यायचा विचार असेल, तर पुढच्या बैठकीला काटा, टेप आणि सगळं सामान घेऊन बसा. वजन करा, मापं घ्या, कोण कशाने जाणार ते लिहा. बॅग विकत घ्यायची की शिवायची ते त्यावरून आपोआप ठरेल. शिवलीत तर कशी झाली, कोणता फोम वापरला, ते रेडिओवर येऊन इतर गटांना सांगा.